घरचे नाही, किरायदार

आधीच सांगून टाकते, मला वरचीचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, अजूनही वाटतो. भंडाऱ्यात ज्या घरी आम्ही अकरा वर्षं किरायानं राहतोय, त्याच घराच्या वरच्या मजल्यावर ती राहते, म्हणून ती माझी 'वरची'. तोंडावर 'ताई', पाठीमागे 'वरची'. तिचा नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत. सकाळी फॅक्टरीची बस त्याला चौकातून घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते, आणि हिचं सगळं घरही त्या बससारखं वेळेवर. नऊच्या ठोक्याला कपडे दोरीवर. पाण्याची टाकी तिच्या डोक्यावर, मोटर नळाचं पाणी तिकडेच ओढायची, म्हणून उन्हाळ्यात माझा नळ नुसता फुसफुस करायचा आणि वर बादल्या भरल्याचा आवाज यायचा. तिच्या पोह्यांचा वाससुद्धा मला मुद्दाम खाली सोडल्यासारखा वाटायचा. आता पोहे काय कोणी मुद्दाम करतं?

एका बाबतीत मात्र मी तिच्या वर होते. मी घरची होते आणि ती किरायदार.

घरमालक काका-काकू मागच्या भागात राहायचे. त्यांचा आणि आमचा समाज एक, दोन्हीकडची मागची पिढी मागावर बसलेली. आम्ही राहायला आलो त्या दिवशीच काकू म्हणाल्या, "तुमच्याशी कागद कायले करा लागते वं? तुमी तं घरचेच." झालं. किराया काकूंच्या हातात द्यायचा, पावती मागायची नाही. मागितली असती तर अपमान झाला असता. कोणाचा, ते मलाही सांगता येणार नाही. हळदीकुंकवाला पहिली सवाष्ण मी. त्यांच्या नातीच्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात. काकूंच्या फ्रिजमध्ये माझं विरजण आणि माझ्या दिवाणात त्यांच्या रजया.

वरचे बौद्ध. नऊ वर्षांपूर्वी ते आले तेव्हा काकांनी सामान उतरायच्या आधी त्यांच्याकडून स्टॅम्पपेपर करून घेतला, कचेरीत नेऊन रजिस्टरही केला. पाच वर्षं झाली की पुन्हा नवा. "असे लोक कागदावरच बरे," काकू मला हळूच म्हणाल्या होत्या आणि मी मान हलवली होती. फॅक्टरीच्या ऑफिसात घरभाड्याच्या भत्त्यासाठी पावती द्यावी लागायची, म्हणून वरची दर महिन्याला काकांची सही घ्यायला खाली यायची. उंबऱ्याबाहेर उभी राहायची. काकूंनी तिला कधी 'आत ये' म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी आत पाटावर बसून तिच्याकडे बघायची. खोटं कशाला बोलू, बघून बरं वाटायचं.

माझं काम कोसाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्यांचं. व्यापारी साड्या आणून देतात, मी पदराच्या सुटलेल्या धाग्यांचे गोंडे बांधते. लग्नसराईत माझ्या समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. शेजारच्या चार बायाही येऊन बसतात. आमचे हे धानाच्या गिरणीत कामाला आहेत, पण अर्धं घर त्या समोरच्या खोलीवर चालतं. ती खोली आहे म्हणून व्यापारी माझ्या दारी महागाची साडी विश्वासानं टाकून जातात.

आणि एक दिवस गेटच्या खांबावर बँकेची नोटीस चिकटली.

मी भाजीची पिशवी घेऊन येत होते. आधी वाटलं, पाण्याची पाळी बदलली असेल. वाचलं तर काकांचं नाव, कर्ज थकलं, बँक घराचा ताबा घेणार. काकांनी पोराच्या धंद्यासाठी अडीच वर्षांपूर्वी हे घर गहाण टाकलं होतं आणि आम्हा घरच्यांना त्याचा पत्ताही नव्हता! मागे धावत गेले तर काकू शेंगा सोलत होत्या. "काही नाही होत वं. बँकेवाले असेच भेव दाखवतात," म्हणाल्या. मी पण म्हटलं, काकू म्हणतात तर नसेल होत. दुसऱ्या दिवशी नोटिशीवर कोणीतरी शेण फेकलं, ते तेवढं मी पुसलं नाही.

मग बँकेचा माणूस आला. घराचं मोजमाप करायला सोबत आणखी एक जण. कोण कुठे राहतं, कोणत्या नात्यानं राहतं, हे लिहून घ्यायचं होतं. वरची जिन्यातच उभी होती, हातात पारदर्शक प्लास्टिकची फाइल. त्यानं विचारायच्या आधीच तिनं ती उघडली. "आम्ही भाडेकरू, साहेब. हा करार, ह्या पावत्या." तो माणूस एकेक कागद पाहून मान हलवत होता आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. जशी काही परीक्षेत पहिली आली बया!

मग तो माझ्याकडे वळला. "आणि आपण? भाडेकरूच का?"

काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. वरची जिन्यात. दोघींच्या मधे मी. भाडेकरू म्हटलं असतं तर मी आणि वरची एकाच ओळीत बसलो असतो.

"छे छे, आमी किरायदार नाही जी," मी म्हटलं. "आमी घरचेच."

"म्हणजे नातेवाईक?"

"तसंच समजा न."

जिन्यातून वरची हळूच म्हणाली, "ताई, किरायदारच सांगा. कामी पडते."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हिच्या पोटात दुखून राहिलं! नऊ वर्षांत पहिल्यांदा हिला माझा हेवा वाटून राहिला. मी तिच्याकडे न बघताच त्या माणसाला म्हटलं, "लिहा साहेब, घरचे." त्यानं लिहिलं. खाली सही करा म्हणाला, ती पण केली, चांगली लांबलचक. काकूंचा चेहरा फुलला. त्यांनी मला चहा ठेवायला सांगितलं आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्याच साखरेचा चहा सगळ्यांना दिला. वरची तोपर्यंत वर निघून गेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं!

दिवाळी झाली आणि पत्रं आली. वरच्यांना बँकेचं पत्र, नावानिशी. तुमचा करार घर गहाण पडायच्या आधीचा आहे, तो संपेपर्यंत तुम्हाला राहता येईल, यापुढे भाडं बँकेत भरा आणि पावती घ्या. त्यांचा करार पुढच्या वर्षापर्यंत होता. आमच्या नावाचं पत्रच नाही. तहसीलच्या हुकमाची प्रत तेवढी गेटवर लागली. त्यात लिहिलं होतं, कर्जदार आणि त्यांच्या घरातील सदस्यांनी अमुक तारखेपर्यंत घर खाली करावं, नाहीतर कुलूप लावून सील करण्यात येईल. सदस्य म्हणजे आम्ही! तारीख नेमकी लग्नसराईतली. माझ्या खोलीत तेव्हा व्यापाऱ्यांच्या तीसेक साड्या. सील लागलं तर लोकांच्या पोरींचे शालू आत आणि मी बाहेर.

त्या दिवशी मला बँकेचा राग आला नाही, काकांचाही नाही. राग आला वरचीचा. तिच्या त्या फाइलचा. रोज तशीच नऊ वाजता कपडे वाळत घालत होती, जसं काही झालंच नाही. तिचं काही गेलंच नव्हतं म्हणा. मी तिच्या दोरीवरच्या चादरीकडे बघून मनात शिव्या घालायची. सांगायला लाज वाटते, पण घालायची.

काकूंकडे गेले. तिथे पोत्यांत भांडी भरणं चाललं होतं. ते नागपूरला पोराकडे निघाले होते. मी म्हटलं, "काकू, मंग आमचं काय?"

"आता पाहून घ्या न बाई कुठं," काकू पोत्याचं तोंड शिवत म्हणाल्या. "भंडाऱ्यात काय खोल्या कमी आहे?"

अकरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नुसतं 'बाई' म्हटलं. मी माझं विरजण त्यांच्या फ्रिजमधून काढून घेऊन आले.

यांनी गिरणीतल्या कोणाच्या ओळखीनं एक वकील शोधला. कोर्टासमोर झाडाखाली टेबल टाकून बसणारा, पण माणूस सरळ. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, कागद नसला म्हणून भाडेकरू भाडेकरू राहत नाही, असं नसते. करार रजिस्टर करून द्याचं काम घरमालकाचं असते. तुमी घर गहाण पडायच्या आधीपासून किरायानं राहता, एवढं दाखवा. गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड, पोरीच्या शाळेचा दाखला, जे असंल ते आणा. त्यावर बँकेले अर्ज करू, मुदत मागू. बँकेनं नाही ऐकलं तं नागपूरले न्यायाधिकरणात जाता येते. तिथं भाडेकरूचं ऐकतात. किराया मात्र बंद करू नका, अन् कोणी कुलूप लावलं तं ते तोडू नका." मला जरा धीर आला. मग यांनी बँकेतून आणलेली त्या दिवशीच्या कागदाची नक्कल त्यानं पाहिली आणि कपाळावर हात मारला. "पण तुमीच तं घरचे म्हणून सही करून देल्ली! काहून?"

काहून ते त्याला काय सांगू? यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे पाहत राहिले.

"काकाइले लिहून मागू का?" यांनी विचारलं.

"त्यायच्या लिहिण्याले काय किंमत? कर्ज बुडवणारा कोणालेही किरायदार म्हणंन. तिऱ्हाईत साक्षीदार पाहिजे. घरात राहणारा, बँकेचा ज्याच्यावर भरवसा आहे असा."

असं माणूस त्या घरात एकच होतं.

दोन दिवस मी गेले नाही. दुसरं काही निघतं का ते बघत होते. तिसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याचा फोन आला, "वहिनी, तुमच्या घरावर बँकेचा कागद लागला म्हणतात. साड्या परत नेऊ का?" तेव्हा चप्पल न घालताच जिना चढले. नऊ वर्षांत मी कधी त्यांच्या दारापलीकडे गेले नव्हते. बुद्धपौर्णिमेच्या खिरीला, चौदा एप्रिलला तिनं बोलावलं होतं, एकदा पोरीच्या वाढदिवसाला. दर वेळी मला काहीतरी काम निघायचं. आत बुद्धाची मूर्ती, भिंतीला लागून पुस्तकं, आणि खुर्चीवर तिनं घातलेली स्वच्छ उशी. तिनं मला बसवलं. चहा आणला. मी घेतला. चांगला होता, आलं घातलेला, आणि त्याचाही मला राग आला.

मी तिला सगळं सांगितलं. ती कागद-पेन घेऊन बसली. "काय लिहू ताई?"

"लिहा," मी म्हटलं. "लिहा, का हे लोक मालकाच्या घरचे नाही. किरायदार आहेत."

ती लिहीत होती. शाळेतल्या मास्तरणीसारखं गोल अक्षर. ते बघून माझ्यानं राहवलं नाही. "तुमचं बरं आहे न. तुमच्यापाशी सगळे कागद. आमचंच नशीब फुटकं."

तिनं मान वर केली नाही. "कागद आमी नाही केला ताई. त्यायनं करून घेतला. आमाले घरचं म्हणायचं नव्हतं न त्याइले."

आवाजात राग नव्हता. दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला एकदम काकूंचा उंबरा दिसला, बाहेर उभी असलेली ही, आणि आत पाटावर बसलेली मी.

बँकेनं शेवटी मुदत दिली. लग्नसराई संपेपर्यंत राहा, तोपर्यंत दुसरी जागा पाहा, भाडं बँकेत भरा. वकील म्हणाला, याच्यापेक्षा जास्त मिळणं कठीण होतं. साड्या सगळ्या वेळेवर गेल्या. बसस्टँडच्या मागे आम्हाला दोन खोल्या मिळाल्या आहेत. त्यांचा कागद मी सामान न्यायच्या आधीच करून घेणार आहे. तो नवा मालक म्हणाला, "कागद कायले, तुमी तं आपलेच," तेव्हा मी त्याच्यावर इतकी भडकले, की हे मला बाजूला घेऊन गेले.

पण यातलं काहीच मला तितकं टोचत नाही. टोचते ती वकिलाच्या टेबलाजवळची दुपार. वरचीनं लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र म्हणून टाइप करायचं होतं. टाइप करणाऱ्यानं मान न उचलता मला विचारलं, "साक्षीदार बाईचं पूर्ण नाव सांगा."

मी तोंड उघडलं. आडनाव आलं. नवऱ्याचं नाव आलं, पाटीवर रोज वाचत होते. तिचं आलं नाही. ती माझ्या शेजारीच उभी होती. मी इकडे तिकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, यांनाही माहीत नव्हतं.

"किती वर्षांपासून ओळखता एकमेकींले?" त्यानं पुढचा रकाना विचारला.

"नऊ," ती म्हणाली आणि पर्समधून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "यावरून लिहून घ्या दादा."

तो टाइप करायला लागला. मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वर, अर्जदाराच्या जागी, माझं नाव आधीच टाइप झालेलं होतं. तिनं घरून लिहून आणलेल्या कागदावरून. माझं, माझ्या नवऱ्याचं आणि आडनाव, एकही काना-मात्रा न चुकता.