पिक्चर यायच्या आधी

“ह्यो ड्रॅगन कोंबडीसारखा चालून राहिला, काहून?” ब्लाउज शिवता शिवता ती समोरच्या बायकांना विचारत होती.

कळमनुरीतल्या तिच्या शिलाईच्या दुकानात मोबाइलवर जादूगार-राक्षसांचे इंग्रजी पिक्चर आवाज बंद करून चालतात. संवाद तीच म्हणते, आपल्या बोलीत. राणी सेनापतीला “मुडद्या, तोंड काय बघून राहिला?” म्हणते, आणि माप द्यायला आलेल्या बायका घरी जायचं विसरतात. मशीन मात्र ती कुणासाठी थांबवत नाही. मी कोपऱ्यात बसून गुपचूप हसते.

परवा एका नव्या पिक्चरची जाहिरात लागली. माझ्या सगळ्यात लाडक्या इंग्रजी कादंबरीवरचा. “अरे देवा,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“वाचलंस व्हय हे पुस्तक?” तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

“मग तोंड काहून उतरलं?” मशीन चालवता चालवताच तिनं माझ्याकडे पाहिलं. “बराबर हाय. पिक्चर आला की समद्यांच्या डोळ्यात पिक्चरवाल्यांचाच राक्षस बसंल. त्याच्या आधी तुझा दाखव आमाला.”

“ही? ही तर मापबी आईकडून सांगती,” एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

“गप बसा गं.” तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि मशीन थांबवलं. “बोल, बाई.”

ती गोष्ट माझ्या मनात आजवर इंग्रजीतच होती, एकटीची. मी ओढणी घट्ट धरली आणि म्हणाले, “एक डोंगर होता. त्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं.”