पाण्याखालचा एकर

हनीफभाईंच्या मुलीचा, रुखसानाचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीच्या बसस्टँडसमोर चपलेचा अंगठा शिवून घेत बसलो होतो. "काका, अब्बा गेले. असरच्या नमाजनंतर माती आहे. जमलं तर या," एवढंच ती म्हणाली. माझी एक चप्पल पायात आणि दुसरी शिवणाऱ्याच्या हातात. त्याने टाका पुरा करेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो, उठावंसंच वाटेना. मग चंद्रपूरची बस धरली. बस वाटेत मूल गावी नेहमीसारखी थांबली, ड्रायव्हर नेहमीसारखा चहाला उतरला, आणि मी पोचलो तोवर जनाजा कब्रस्तानात गेला होता. कबर खोदणाऱ्याने ज्या बांबूच्या काडीने लांबी-रुंदी धरली होती ती मातीच्या ढिगाशेजारी पडलेली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणाऱ्या हनीफभाईंचं शेवटचं माप असं दुसऱ्याच कोणी घेतलेलं. मी तीन मुठी माती टाकली. रडू आलं नाही, नुसता थकवा आला. तो थकवा त्या एका दिवसाचा नव्हता. तो कसला होता, ते इतके आठवडे मनात घोळवून आज लिहितो आहे.

हनीफभाई भूकरमापक होते, म्हणजे सरकारकडून जमीन मोजायला येतात ते. मी तलाठी. आमची पहिली भेट सिंदेवाहीकडच्या एका बांधाच्या भांडणात झाली. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे, मी लांब झाडाखाली, आणि हा बारीक अंगाचा माणूस हातात बांबूची काठी घेऊन दोघांच्या मधून शांतपणे चालत गेलेला. ती काठी त्यांनी स्वतः तोडून, विस्तवावर शेकून सरळ केली होती आणि तिच्यावर चाकूने वीतवीतभर अंतरावर खाचा पाडल्या होत्या. मोजणीची साखळी गेली, फळी गेली, पुढे यंत्रं आली, तरी काठी सुटली नाही. यंत्राला आकडा कळतो, चिखल कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. डब्यातली माझी वांग्याची भाजी ते हक्काने ओढून घेत आणि तलाठी लोकांना गाव फक्त कपाटात दिसतं म्हणून मला चिडवत. त्यांची एक सवय साऱ्या तालुक्याला माहीत होती. कोणी काही सांगितलं की कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी ते विचारणार, "पाह्यलं का?" समोरचा "पाह्यलं" म्हणाला की मगच लिहिणार. एकदा "पाह्यलं" म्हटल्यावर मात्र दुसऱ्यांदा विचारायचं नाही. माणसाचा शब्द तो शब्द, असा त्यांचा हिशेब. ह्या सवयीची आम्ही खूप थट्टा केली...

मग ती जमिनींची अदलाबदल आली. आमच्याकडे राखीव जंगलाच्या मधोमध जुन्या मालकीची शेतं आहेत, ठिगळांसारखी. धानाला रानडुक्कर, गुरांना वाघ, ना रस्ता ना वीज. जंगल सलग व्हावं म्हणून ही शेतं वनखात्याने घ्यायची आणि तेवढीच सरकारी जमीन शेतकऱ्याला गावाजवळ द्यायची, अशी योजना. कागदावर वाईट नव्हती. अशाच एका शेताच्या मालकीण शेवंताबाईंना तर ती हवीच होती. नवरा गेल्यापासून साडेतीन एकर धान त्या एकट्या सांभाळत होत्या, आणि पीक राखायला मचाणावर जागल करून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. फक्त बांधावरचं मोहाचं झाड तेवढं त्यांनी दोनदा विचारलं, झाडाच्या बदल्यात झाड भेटते का म्हणून. झाडाचा रकाना त्या अर्जात नव्हता.

मोजणी वैशाखात झाली. पानगळ झालेली असते, लांबवर दिसतं, आणि पावसाळ्याआधी फाइल वर जायला हवी असा तगादा होता. बाईंना द्यायची जमीन गावाच्या खालच्या अंगाला, एका जुन्या तलावाला लागून. त्या तलावाची पाळ कित्येक वर्षांपूर्वी फुटलेली, त्यामुळे पाणी ठरत नव्हतं, पोटात गवत वाढलेलं आणि गुरं चरत होती. नजरेला सपाट, चांगली जमीन. बाईंनी पदर डोक्यावर ओढत विचारलं, हे तलावाच्या पोटात तर येत नाही ना? हनीफभाईंनी पेन्सिल थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"देवराव, निस्तार पत्रक पाह्यलं का?"

निस्तार पत्रक म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांचं जुनं दप्तर. गुरं कुठे चरायची, सरपण कुठून आणायचं, तलाव भरला की पाणी कुठल्या हद्दीपर्यंत येतं, सगळं त्यात असतं. ते माझ्या कार्यालयातल्या कपाटात, खालच्या खणात, वाळवी लागलेल्या गठ्ठ्यात होतं. ऊन मरणाचं, माझं डोकं दुखत होतं आणि परत जाऊन तो गठ्ठा सोडायचा म्हणजे अख्खा दिवस गेला असता.

"पाह्यलं," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. बाईंनी अंगठा दिला. तिसऱ्या वर्षी तलाव दुरुस्तीचं काम निघालं, पाळ बांधली गेली आणि श्रावणात शेवंताबाईंचा एक एकर पाण्याखाली गेला. रोवलेलं धान आठवड्यात सडलं. जुनं शेत तोवर राखीव जंगलात धरलं गेलं होतं, तिथे परत नांगर घालणं म्हणजे गुन्हा. मी त्या संध्याकाळी कपाटाचा खालचा खण उघडला. पाण्याची हद्द जुन्या वळणदार अक्षरात, कोणालाही वाचता येईल अशी लिहिलेली होती.

बाईंच्या तक्रारीवर सुनावणी लागली, तिथे साहेबांनी विचारलं की चूक कोणाची. मी बाकावर हनीफभाईंच्या शेजारीच बसलो होतो, मांडीवर दप्तर. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, चौकशी लागली असती तर पेन्शन अडकली असती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हनीफभाई उठले. "मोजणी माही होती, साहेब. पाहाले मीच पाह्यजे होतं." साहेबांनी नकाशा तपासला, क्षेत्र भरत होतं. मोजणी बिनचूक आहे, पाण्याला मोजणीदार जबाबदार नाही, असा शेरा मारून त्यांनी प्रकरण बंद केलं. गावचं दप्तर न पाहता जमीन दिली असं पुढे आलं असतं तर प्रकरण पुन्हा उघडावं लागलं असतं. हे माझ्याइतकं त्या खोलीत कोणालाच कळत नव्हतं. परतताना बसमध्ये हनीफभाई खिडकीबाहेर पाहत राहिले. मी सीताफळं घेतली, त्यांनी एक खाल्लं. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर दर श्रावणात तलाव भरला की ते शेवंताबाईंच्या गावी जात. निवृत्त झाल्यावरही, गुडघे गेल्यावरही. काठी घेऊन पाण्यात उतरायचं, पाणी कुठवर आलं ते पाहायचं, पेन्सिलीने नकाशा काढायचा आणि बाईंना दुसरी जमीन मिळावी म्हणून नवा अर्ज द्यायचा. मला ते जाऊन आल्यावर सांगत, जसं कोणी नातेवाइकाकडे जाऊन आल्याचं सांगतं. मी येतो म्हणालो नाही, तेही चल म्हणाले नाहीत.

शेवटची भेट ह्या उन्हाळ्यातली. चंद्रपूरला त्यांच्या घरी, कूलरपुढे. श्वास लागत होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, रुखसानाने सरबत दिलं. मग ते सहज म्हणाले, "तुही पेन्शन तं आता सुरळीत चालू आहे ना, देवराव?" मी हो म्हणालो. "मंग ठीक आहे," म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले. आता खरं सांगायला हरकत नाही असं ते म्हणत होते, मला समजलं. समजलं होतं, तरी मी कूलरच्या टाकीत पाणी आहे का ते बघायला उठलो... परत येऊन बसलो तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

चाळिसाव्यानंतर रुखसानाने मला त्यांची फाइल दिली. सगळे अर्ज तारखेप्रमाणे लावलेले, प्रत्येकाला नकाशा जोडलेला. आणि प्रत्येक अर्जात तिसऱ्या परिच्छेदात तेच एक वाक्य, त्यांच्या स्वच्छ, तिरप्या अक्षरात: "निस्तार पत्रक पाहण्याचे माझ्याकडून राहून गेले." दप्तर तलाठ्याचं, ते पाहणं मोजणीदाराचं कामच नाही, म्हणून कार्यालय ते वाक्य दर वर्षी बाजूला सारत होतं. त्यांनाही हे माहीत होतं. खरं वाक्य ज्याने लिहायचं तो माणूस गडचिरोलीत पेपर वाचत बसला होता, आणि त्याचं नाव घ्यायला ते तयार नव्हते. मला माझी फार लाज वाटली.

मागच्या आठवड्यात मी शेवंताबाईंकडे गेलो. तलाव काठोकाठ होता. त्या आता वाकल्या आहेत, पण मला ओळखलं, ओसरीवर बसायला पोतं टाकलं. हनीफभाई गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी अर्ज लिहूनच नेला होता: पाहिले नव्हते, पाहिले असे मी सांगितले. तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

"म्हंजे ते भाऊ खोटे बोलत होते?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, बाई, खोटं मी बोललो होतो.

बाई पाण्याकडे पाहत हळूहळू बोलल्या. "दरसाली येत आन् म्हनत, बाई, माही चूक झाली. पहिले दोन साल मी त्यायले चहा नाई देल्ला. पान्यातून निंगून ओल्या धोतरानं अंगनात उभे राहत, तरी नाई देल्ला. तुमी काऊन नाई बोलले, भाऊ?"

बाई आत गेल्या. मला वाटलं चूल पेटवायला गेल्या असतील, पण त्या आढ्याला खोचलेली काठी काढून घेऊन आल्या. दर वर्षी बसमध्ये कुठे वागवायची म्हणून हनीफभाई ती त्यांच्याकडेच ठेवून जात. खाचांत जुना चिखल वाळलेला होता. त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि पाण्याकडे हात केला. मी धोतर खोचून उतरलो. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या आत बऱ्याच अंतरावर पाणी तिसऱ्या खाचेपर्यंत आलं. ते मी अर्जावर लिहिलं, खाली सही केली आणि त्यांचा अंगठा घेतला.

अर्ज दिला आहे. वाकडंतिकडं जे व्हायचं ते माझ्या पेन्शनचं होईल. बाईंच्या एकराचं काय होईल ते मला सांगता येत नाही, त्यांनाही मी तसंच सांगितलं. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. काठी मात्र त्यांनी परत आत नेली, पुसली आणि आढ्याला होती तिथेच खोचली. "पुढच्या साली येजा," म्हणाल्या.