एलियाहू हन्नाबीची खुर्ची

साळवे बाईंचं नाव आधी घेतो, कारण माझ्या नावापुढे आज जी पदवी लागते ती त्यांच्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीपुढे गेलं नव्हतं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवार पाळतो, त्या दिवशी लिहीत नाही. शनिवारचा पेपर मला वेगळ्या दिवशी देता यावा म्हणून बाई मुख्याध्यापकांशी भांडल्या, आणि पुढे कॉलेजच्या प्रवेशाला माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या.

मी देश सोडला त्या सकाळी त्या महाड डेपोत आल्या होत्या. सावित्री नदीवरचं धुकं फलाटापर्यंत चढलं होतं. मुंबईच्या गाडीचं इंजिन ऐकू येत होतं, गाडी दिसत नव्हती. आई पदर तोंडाला लावून उभी, बाबा माझ्या ट्रंकेची कडी पुन्हा तपासत. बाई म्हणाल्या, "बेन्या, तिकडे कमी बोल. पण कोणी विचारलं तर खरं सांग." गाडी हलली. मी काच पुसून मागे पाहिलं. निरोप द्यायला तिघंच आली होती, पण मला चौघं उभी दिसली. धुक्यात असं होतं.

आता मी इस्रायलमध्ये, दिमोनात राहतो. इथे नदी नाही, धुकंही क्वचित. एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. आमच्या मराठी मंडळींचं एक छोटं प्रार्थनाघर आहे; तिथे दुसऱ्या धर्माचे पाहुणे येतात तेव्हा समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं. बांधकामावर आलेले आपल्याकडचे कामगार, केरळच्या नर्सेस, जवळच्या बेदुईन अरबांच्या वस्तीतले शिक्षक आणि त्यांची मुलं. हिब्रू, हिंदी, मराठी, जी भाषा चालेल ती चालवतो.

सांगतो ते असं. मुलगा जन्मला की आठव्या दिवशी त्याची सुंता होते, त्याच वेळी त्याचं नाव जाहीर होतं. त्यासाठी दोन खुर्च्या मांडतात. एकीवर घरातला वडीलधारा बाळाला मांडीवर घेऊन बसतो. दुसरी एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची. सुंता ही देवाशी केलेल्या कराराची खूण; लोक तो करार विसरले अशी त्याने एकदा देवाकडे तक्रार केली. तेव्हा देव त्याला म्हणाला, मग यापुढे प्रत्येक सुंतेला तू स्वतः हजर राहा. म्हणून बाळाला आधी क्षणभर त्याच्या खुर्चीवर ठेवायचं, मग विधी. एरवी ती खुर्ची रिकामी.

एकदा एका बेदुईन शिक्षकाच्या लहान मुलीने विचारलं, "ती रिकामी आहे हे तुम्हाला कसं कळतं?" सगळे हसले. मला हिब्रूत उत्तर सुचलं नाही. मराठीत होतं. ते इथे लिहितो.

माझा धाकटा भाऊ दानिएल महाडात भाड्याच्या घरात जन्मला. त्याच्या आधीचा एक भाऊ आम्ही गमावला होता, त्यामुळे घरात आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. बाबा सुतार. एलियाहूची खुर्ची त्यांनी स्वतः केली, तिच्यावर पांढरी चादर घातली. घरमालकीण गंगूकाकू ती बघायला आल्या. बाबा समजावू लागले तर त्यांनी हात उडवला. "मला नको सांगू. सटवाय तरी कुठं दिसते? पाचवीला येते नि कपाळावर लिवून जाते. तसाच हा तुमचा पावना."

सुंता करणारे मोहेल मुंबईहून आले. पेणहून आत्या आली. शेजारीपाजारी दारापर्यंत दाटले. बाबा बाळाला उशीवर घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आले, खुर्चीकडे वळले आणि थांबले. खुर्चीत साळवे बाई बसल्या होत्या. शाळेतून तशाच आल्या होत्या, खांद्याला पिशवी होती.

"अगं बाई, उठा, उठा तिथून!" आत्या ओरडली.

बाई इतक्या झटकन उठल्या की चादर घसरून खाली आली. बाबांनी ती पुन्हा घातली, विधी पार पडला. एलियाहूच्या नावाने मलिद्याचं ताट फिरलं, गूळखोबरं घातलेले पोहे नि फळं. बाईंनी ते घेतलं नाही. त्या केव्हा गेल्या ते कोणाला कळलं नाही.

विधीनंतरही ती खुर्ची तीन दिवस जागची हलवत नाहीत. ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. आम्ही मुलं तिच्यासमोरून जाताना भिंतीला घासून जायचो. आई चादर सपाट करायची, आणि थोड्या वेळाने पाहावं तर मध्ये खोलगट झालेली असायची. मांजर उंबऱ्यात बसून तिकडेच बघायचं.

तिसऱ्या दिवशी दानिएल तापाने फणफणला. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. बाळ दूध घेईना. स्वयंपाकघरात आत्या कुजबुजली, "नको ती माणसं बसली, त्याचं हे." आणि गंगूकाकू म्हणाल्या, "तळं खुलं झालं म्हनून काय दिसंल तिथं बसायचं?"

महाडात कुठलं तळं ते सांगावं लागत नाही. बाई बौद्ध होत्या, हेही.

बाबांनी ते ऐकलं. रंधा खाली ठेवला, चपला घातल्या नि निघाले. मी मागोमाग गेलो. बाईंनी दार उघडलं तेव्हा बाबा म्हणाले, "घरी चला. त्या खुर्चीत बसा आणि पोराला मांडीवर घ्या."

बाईंचा चेहरा उतरला. "योसेफभाऊ, माझा असल्या कशावर विश्वास नाही. पण मी बसले आणि त्याला काही झालं, तर मला या गावात राहता येईल का?"

"तुम्ही न येता झालं, तर माझ्या घरात जे बोललं गेलं ते खरं ठरेल. मग मला राहता येणार नाही."

बाई आल्या. बाबांनी त्यांना हाताने खुर्ची दाखवली. आईने बाळ मांडीवर दिलं. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी बाळाच्या कपाळाला हात लावला, मग खोलीभर नजर फिरवली.

"ते आजोबा गेले का? त्या दिवशी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत मी."

"कुठले आजोबा?" बाबांनी विचारलं.

"या खुर्चीत होते ते. मी दारात उभी होते, तर उठले आणि म्हणाले, बसा बाई, उभं राहून शिकवता दिवसभर. मला वाटलं, पेणचे कोणी पाहुणे. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. अंगाला ताज्या तेलाचा वास येत होता, घाण्यावरच्या माणसाला येतो ना, तसा."

त्या दिवशी आमच्याकडे एकही म्हातारा पाहुणा नव्हता. मोहेल तरुण होते. आणि तेलाचं म्हणाल, तर माझ्या पणजोबांचा महाडजवळ तुडील गावी नदीकाठी घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. बाबांच्या जन्माआधीच तो मोडला. बाई नाशिककडच्या, बदलीवर आलेल्या. त्यांना हे सांगायला आमच्यात कोणाला कधी आठवलं नव्हतं.

गंगूकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या मागे सरल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या आणि तो कप त्यांनी स्वतः बाईंच्या हातात दिला. "बशीत वता. गरम हाय," एवढंच म्हणाल्या.

ताप औषधाने उतरला. बाई तसंच म्हणतात, मीही तसंच मानतो. म्हाताऱ्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "गर्दीत कोणी असेल रे. तुमचे नातेवाईक मी कुठे ओळखते?" मी आग्रह धरला की रागवायच्या.

दानिएल तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याचा बार मित्झवा अलिबागकडच्या एका जुन्या प्रार्थनाघरात केला, कारण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष महाडात जमत नसत. बायका वरच्या सज्जात होत्या; तिथलं आईने नंतर सांगितलं. गंगूकाकूंनी सरकून बाईंना जागा केली आणि प्रश्नांचा सपाटा लावला.

"म्हंजी ही मुंज का गो बाई?"

"तशीच, पण जानवं नाही. पोथीतून सगळ्यांसमोर वाचायचं. आजपासून चूक केली तर ती त्याच्या नावावर. बाप मोकळा. बघा, योसेफभाऊ आता तेच म्हणतायत."

"मोकळा? आमच्या ह्यांना पन यात घाला की मंग. साठीला आले तरी सासूबाई सुटल्या नायत."

सज्जातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खाली दानिएल चांदीची काडी ओळींवरून फिरवत वाचत होता. आत्या बाईंच्या पलीकडे बसली होती, आणि वाचन संपेपर्यंत तिने बाईंचा हात सोडला नाही.

आता आई-बाबा नाहीत. घराच्या जागी गंगूकाकूंच्या मुलाने इमारत बांधली. दानिएलही इकडेच आला. गेल्या महिन्यात त्याला मुलगा झाला. घर कुठलं असं विचारलं की मी अजून महाड म्हणतो. पण तिथली कुठली भिंत डोळ्यांपुढे येत नाही. परवा बाईंना पत्र लिहायला बसलो तेव्हा काय येतं ते कळलं. ते पत्र असं:

"प्रिय बाई, सा. न.

तुमची भाची हे वाचून दाखवेल. दानिएलच्या मुलाची सुंता झाली, बाळ बरं आहे. नाव योसेफ ठेवलं.

विधीला इथल्या नर्सेस आल्या होत्या. त्यातली एक रात्रपाळी करून आलेली, थकून एलियाहूच्या खुर्चीत बसली. आमच्या एका माणसाने तिला आवाज चढवून उठवलं. बिचारी रडवेली झाली. दानिएल तिच्याजवळ गेला, तिला पुन्हा तिथेच बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या समितीने ठरवलं, खुर्चीवर पाटी लावायची. 'येथे बसू नये', सगळ्या भाषांत. मराठीतली मी लिहावी म्हणाले. मी नाही म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. तुमचा विश्वास नाही हे मला ठाऊक आहे, तुम्ही रागवाल हेही. पण विचारलं तर खरं सांग असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून खरं ते सांगितलं. माझ्या घरात एकदा तिथे कोणीतरी बसलेलं होतं, आणि तुमच्यासाठी ते उठलं, म्हणून ते माझं घर. पाटी लावली, तर उठून तो जागा कोणाला देणार?

पाटी अजून लागलेली नाही.

तुमचा,
बेन्या"