किल्ली फिरवणारी आत्या

आमची आत्या कारणाशिवाय कधी घराबाहेर पडली नाही. दळण हे कारण होतं, पण गिरणी समोरच्याच गल्लीत. देऊळ हे कारण फक्त सोमवारपुरतं. एरवी तिनं चपलेत पाय घातला की ओट्यावर बसलेले आप्पा, म्हणजे माझे आजोबा, एकच शब्द विचारत, "याक?" आम्ही कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मैंदर्गीचे. घरात मराठी बोलतो, पण आप्पांना हुकूम सोडायला कानडी लागायची. याक म्हणजे कशाला. उत्तर नसलं की आत्या चपला पुन्हा भिंतीकडेला नीट लावून आत यायची.

तिचं लग्न कुर्डुवाडीला झालं होतं. दोन वर्षांत ती परत आली. का आली ते मला कुणी सांगितलं नाही. मोठी माणसं 'तिकडं जमलं न्हाय' एवढंच म्हणत. माघारी आलेली मुलगी दिसली की लोक चौकशा करतात, म्हणून तिनं दिसूच नये, असं घरात सगळे धरून चालले होते. वाईट माणसं नव्हती कुणी. हे लिहिताना मला तेच अवघड जातंय.

मी तिसरीत असताना शाळेत दात तपासायला डॉक्टर आले. माझे एका बाजूचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसायचे, त्यामुळे तोंड मिटताना हनुवटी डावीकडे सरकायची. डॉक्टर म्हणाले, वरचा जबडा अरुंद आहे, वाढतं वय आहे तोवर रुंद करून घ्या, सोलापूरला दाखवा. आई म्हणाली, "अजून दुधाचे दात हायत की. पडतील, नवे येतील ते सरळच येतील." आप्पा म्हणाले, "याक?"

आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच ती म्हणाली, "पोरगी हाय. तोंड वाकडं ऱ्हायलं तर उद्या बघायला येणारे काय म्हणतील?"

आप्पांनी होकार दिला. त्यांना पटेल असं कारण आत्याला बरोबर सापडायचं. आई-बाबांना रोजचं काम सोडता येत नव्हतं, म्हणून मला न्यायचं आत्याकडे आलं. महिन्यातून एकदा ती आणि मी अक्कलकोटवरून एसटीनं सोलापूरला जाऊ लागलो.

दवाखाना नव्या पेठेत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या टाळूच्या मापाची गुलाबी पट्टी बनवून दिली. तिच्या मधोमध एक बारीक स्क्रू होता आणि तो फिरवायला तारेची किल्ली. रविवारी आणि गुरुवारी पट्टी तोंडातून काढायची, बाणाच्या दिशेनं किल्ली एकदा फिरवायची, पट्टी परत बसवायची. दर वेळी पट्टी केसाएवढी रुंद होणार आणि जबड्याला हळूहळू बाहेर ढकलणार. किल्ली आत्यानं आपल्या मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवून टाकली. "न्हायतर पोरं हारवतील," म्हणाली.

त्या पट्टीनं मला जीव नकोसा झाला होता. 'स' म्हणताना शीळ वाजायची. वर्गात बाई वाचायला उभं करतील म्हणून मी मान खाली घालून बसायची. तोंडात कुणीतरी राहायला आलंय आणि जात नाही, असं वाटायचं. आत्याला म्हटलं तर ती म्हणायची, "आपल्याला नको आसलं तरी काही दिवस ऱ्हावं लागतं पोरी." तेव्हा मला वाटलं, ती पट्टीबद्दल बोलतेय.

सोलापुरात मात्र आत्या वेगळीच बाई व्हायची. दवाखाना झाला की नवी पेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायची. खालच्या कापडदुकानात गादीवर ऐसपैस बसायची आणि साड्या उलगडायला लावायची. दुकानदार थट्टेखोर होता.

"ताई, दर महिन्याला येता, बघता, जाता. घ्या की एखादी."

"पोरीचे दात सरळ झाले की घेऊ."

"कधी व्हायचे सरळ?"

"मला काय इच्चारता? वर डॉक्टर बसल्यात, त्यास्नी इच्चारा की."

ती हसायची. मैंदर्गीत मी तिला तसं हसताना पाहिलेलं नव्हतं.

किल्ली फिरली की दुसऱ्या दिवशी भाकरी चावताना टाळूला ओढ बसायची. उन्हाळ्यानंतर कधीतरी ती ओढ थांबली. मी म्हटलं, "आत्या, आता दुखत न्हाय."

"बरं की मग."

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, मग पुन्हा घेतलं. त्यापुढच्या खेपेला त्यांनी पट्टी खिडकीपाशी नेऊन निरखली. "आत्या, किल्ली फिरवता ना?"

"व्हय."

"स्क्रू मागच्या महिन्याएवढाच उघडलाय." बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी आत्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "हिचं वय वाढीचं आहे म्हणून एवढ्याशा पट्टीनं काम होतंय. हे वय गेलं की जबडा असा ऐकत नाही. मग मोठेपणी ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर हनुवटी वाकडीच वाढत राहील."

आत्या त्या दिवशी नव्या पेठेत फिरली नाही. साड्यांच्या दुकानासमोरून खाली मान घालून गेली. स्टँडवर अक्कलकोटची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "तुजं लवकर झालं की माजं येणं बंद हुईल, असं वाटलं गं. म्हणून किल्ली फिरवल्यागत करत होते. तुजं काय वाईट हुईल हे ठावं नव्हतं."

मी म्हटलं, "मग ऑपरेशनला येऊ की दोघी."

तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग रडली.

त्यानंतर किल्ली फिरवायचा एकही दिवस तिनं चुकवला नाही. रविवार आणि गुरुवार, दिवेलागणीला मला समोर बसवायची, पट्टी धुवायची, किल्ली बसवायची आणि माझ्याकडं न बघता फिरवायची. आता मला कळतं की ती दर वेळी स्वतःचंच दार थोडं थोडं लावून घेत होती. तेव्हा एवढंच कळत होतं की भाकरी चावताना पुन्हा दुखतंय.

दात जागेवर आले. हनुवटी मधोमध आली. डॉक्टरीणबाई आत्याची पाठ थोपटून म्हणाल्या, "आता यायची गरज नाही." इतकी चांगली बातमी ऐकून कुणाचा चेहरा असा उतरलेला मी नंतर पाहिलेला नाही.

मी दहावीत असताना कुर्डुवाडीहून निरोप आला. तिची सासू अंथरुणाला खिळली होती, घरात करणारं कुणी नव्हतं. ज्यांना ती नको होती त्यांना आता ती हवी झाली. आप्पांनी त्या वेळी 'याक' विचारलं नाही. आत्या गेली. फोनवर ती फक्त 'व्हय' आणि 'न्हाय' म्हणते, कारण फोन सासूच्या खाटेपाशी असतो. "भेटायला येऊ का?" असं मी एकदा विचारलं, तर हळूच म्हणाली, "काय म्हणून येशील?"

आता मी सोलापुरात बी.एस्सी.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आप्पांना कॉलेज पटवायचं होतं तेव्हा 'मला शिकायचंय' असं मी म्हटलं नाही. 'शिकलेल्या मुलीला नोकरीवाला नवरा मिळतो' म्हटलं. हे मी कुणाकडून शिकले ते उघड आहे. पण तसं बोलून मिळालेली गोष्ट पूर्ण आपली वाटत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

गेल्या महिन्यात मी न कळवता कुर्डुवाडीला गेले. गाडीत बसून वाटेत कारणं जुळवत होते. कुणाच्या लग्नाचं आमंत्रण, आईचा निरोप, कॉलेजचं काहीतरी काम. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "काय काम काढलंस गं?" आणि माझ्या तोंडून गेलं, "काम काही नाही. आत्याला बघायला आले."

आत्या आतल्या दारात उभी होती. ती चहा ठेवायला वळली. चहा झाला. सासूबाईंना औषध देताना तिचा हात पूर्वीसारखाच हलका होता. मी निघाले तशी ती म्हणाली, "हिच्यासंगं टेसनापत्तुर जाऊन येते."

"कशाला? तिला वाट ठावी हाय की."

"आसंच," आत्या म्हणाली आणि माझ्या पुढं चालू लागली.

फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. वसतिगृहात भाकरी मिळते का, एवढं तिनं विचारलं. माझी गाडी आली. मी म्हटलं, "जा आता, उशीर होईल." ती "व्हय" म्हणाली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून पाहिलं, ती बाकावरच बसली होती. पलीकडच्या फलाटावर पंढरपूरची गाडी लागत होती आणि आत्या उतरणारी माणसं बघत होती.

घरी तिला विचारलं असेलच, एवढा वेळ कुठं होतीस म्हणून. तिनं काय सांगितलं, ते मी अजून विचारलेलं नाही.