प्रशांतची रजा

मी जो काही आहे तो सुलभावहिनींमुळे. त्यांचं नाव आधी घेतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते मी त्यांच्याशीच केलं आहे. बायकोला ते माहीत नाही. देवासमोरही मी ते कधी धड उच्चारलेलं नाही.

तालुक्याच्या शाळेतून बारावी होऊन मी लालबागला आलो, थोरल्या भावाच्या खोलीत. दादाची गिरणी बंद पडलेली. वहिनी जेवणाचे डबे करून घर चालवायच्या. आमच्या घराण्यात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सगळ्यांची जेवणं झाली की भाताच्या पातेल्याच्या तळाची खरवड त्या माझ्यासाठी ठेवायच्या, वर तुपाचा थेंब. "भावजी, तुमका आवडता ना?" आवडायची का? — भूक लागलेली असायची. त्या खरवडीवर मी बी.ए. झालो. हे मी कधी विसरलो नाही, असं म्हणतो. पण उपकार आठवणं वेगळं आणि कुणी चारचौघांत आठवण करून देणं वेगळं, नाही का?

मी फौजेत गेलो. शिकलेला म्हणून लवकर वर चढलो, नायब सुभेदार झालो. त्यांचा मुलगा प्रशांत — ज्याला मी अक्षरं गिरवायला शिकवली — माझं बघून भरती झाला आणि माझ्याच कंपनीत आला. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या हवाली करतंय, भावजी." मी मान हलवली.

आम्ही तेव्हा सीमेवर होतो. रोज पलीकडून गोळे पडायचे. एका संध्याकाळी लंगरच्या तंबूमागून जाताना प्रशांतचा आवाज आला. पोरांना सांगत होता, "आमचे साहेब आज जेवणात मीठ कमी म्हणून ओरडतात ना? आमच्या घरी पातेलं चाटूनपुसून ठेवायचे. आईला घासावंच लागायचं नाही!" पोरं खो-खो हसली. मायेने बोलला असेल. आज तसं वाटतं. तेव्हा — मी तिथेच उभा राहिलो. सगळे हसून गप्प होईपर्यंत.

गणपती जवळ आले. कोकणातल्या पोराला दिवाळीची रजा नाही मिळाली तरी चालते, गणपतीची लागते. त्यात दादाचं एक अंग लुळं पडलेलं. लालबागच्या चित्रशाळेत मूर्तिकाराकडे मूर्तीसाठी घरचा पाट देऊन ठेवलेला, पण मूर्ती डोक्यावर घेऊन घरी आणणार कोण? त्या वर्षी रजेची पाळीही प्रशांतचीच होती. रजा कंपनी कमांडर द्यायचे, पण नाव मी पुढे करायचो.

"काका, पाच दिवस द्या. बाबांना पाट उचलवत नाही ओ."

"इथे काका कोण?"

"चुकलो. साहेब."

"पुढच्या वर्षी बघू. यंदा तू खरवड खा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग सॅल्यूट करून गेला.

रजा मी ज्ञानदेवला दिली. साताऱ्याकडचा साधा पोरगा. बायको बाळंत व्हायची होती, तरी त्याने मागितली नव्हती. मीच बोलावून दिली, प्रशांतच्या डोळ्यांदेखत. ज्ञानदेवच्या जागी पुढच्या चौकीवर कोण गेलं, हे सांगायला हवं का?

गौरी यायच्या आदल्या दिवशी त्या चौकीवर गोळा पडला.

पेटी घेऊन मीच लालबागला आलो. मंडळाचे स्पीकर बंद होते. वहिनी रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भावजी, तेका रजा कित्याक नाय गावली?"

आणि मी म्हणालो — किती सहज म्हणालो! — "मिळाली होती, वहिनी. त्याने ती ज्ञानदेवला दिली. त्याची बायको अडलेली होती."

पलटणीत परतल्यावर ज्ञानदेवलाही तेच सांगितलं. तो खाली बसला. "साहेब, मला बोलला का नाही तो?" "तुला ओशाळं वाटू नये म्हणून." हे उत्तर मला सुचायला क्षणही लागला नाही.

तेव्हापासून ज्ञानदेव दर वर्षी लालबागला येतो. स्वतःच्या घरचा गणपती भावावर टाकून वहिनींच्या घरची मूर्ती डोक्यावर आणतो. मुलाचं नाव त्याने प्रशांत ठेवलं. चाळीतली पोरं जिन्यावरून ओरडतात, "रजेवाला आला रे!" तोही हसतो. पहिल्या वर्षी वहिनींनी त्याला पान वाढलं आणि समोर बसून म्हणाल्या, "जेव. माझ्या झिलाच्या वाटणीचा आसा." त्याने सगळं संपवलं आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन ओकला. मी शेजारच्या पाटावर होतो. मी आणखी एक मोदक मागून घेतला.

निवृत्त होऊन मी दादरला राहायला आलो. सव्वीस जानेवारीला शाळा मला बोलावतात. मी प्रशांतच्या रजेची गोष्ट सांगतो. बाई डोळे पुसतात. शाल मिळते.

दादा गेला. वहिनींना आता दिसत नाही. पण दादरहून लालबाग किती लांब आहे? समोर बसून सांगता आलं असतं. मी पत्र लिहिलं, आणि गणपतीत पोचेल असं बघून टाकलं. त्या दिवसांत घरात आलेला कागद त्यांना कोण वाचून दाखवतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच टाकलं.

"सुलभावहिनींना साष्टांग नमस्कार.

प्रशांतने रजा कुणाला दिली नव्हती. पाळी त्याची होती, त्याने मागितलीही होती. मी दिली नाही, कारण मी तुमच्याकडे पातेल्याची खरवड खायचो हे सांगून त्याने पोरांना हसवलं होतं. ज्ञानदेवने रजा मागितली नव्हती. तो तुमचं काहीही लागत नाही.

ज्ञानदेव, इथे थांबू नकोस. पुढचं मोठ्याने वाच, त्यांना ऐकायला कमी येतं. ‘यंदा तू खरवड खा,’ असं मी प्रशांतला म्हणालो. का म्हणालो, ते त्याला कळलं होतं."