इब्राहिमभाईंची मॅग्नेटो

त्या दिवशी दिवेआगरच्या किनाऱ्यावर आमचं विमान पुन्हा बंद पडलं. हो, विमानच म्हणतेय मी... घरी बांधलेलं, दोन माणसांचं. साठच्या दशकातली गोष्ट, मी नुकती लग्न होऊन सासरी आले होते.

आमचे हे मुंबईला विमानांच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं फिटर होते. मग गावी येऊन सुपारीची वाडी बघायला लागले, पण डोक्यातलं खूळ काही जाईना. लाकडाचा सांगाडा केला, त्यावर कापड ताणलं आणि मुंबईहून भंगारातलं एक इंजिन आणलं. सासूबाई म्हणायच्या, वेड लागलंय मेल्याला!

इंजिनाला ठिणगी देणारी मॅग्नेटो मात्र जळून गेलेली. ती दुरुस्त केली इब्राहिमभाईंनी. ते यांचे जिवलग दोस्त, दिघीच्या लाँचचं इंजिन सांभाळायचे... नुसत्या आवाजावरून सांगायचे आत काय दुखतंय ते. लांबलांबून लोक इंजिनं घेऊन त्यांच्याकडे यायचे, इतकं त्यांच्या हाताला नाव होतं. मॅग्नेटोची केसासारखी बारीक तार त्यांनी स्वतः गुंडाळून बसवली.

दुखणं असं होतं, की इंजिन झोकात सुरू व्हायचं, थोडा वेळ छान चालायचं आणि मग खोकत खोकत गप्प. हे लगेच म्हणायचे, "मॅग्नेटोच! गरम झाली की दम तोडते. शंकाच नको." आता विमानांच्या वर्कशॉपमधला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

मग आमचा ठरलेला कार्यक्रम. हे मॅग्नेटो उघडून पुसत बसायचे आणि मी टाकीचं झाकण काढून, झावळीचा हीर बुडवून पेट्रोल किती आहे ते बघायची. झाकण लावलं, पंखा फिरवला की इंजिन सुरू! हे विजयी चेहऱ्याने आमच्याकडे बघायचे... "बघा, म्हटलं नव्हतं मी?"

एकदा इब्राहिमभाई म्हणाले, "भाऊ, पेट्रोल खाली पोचतो का, ते पन बघू ना." हे उसळलेच. "टाकी भरलेली आहे रे! तुझी वहिनी काय उगीच हीर बुडवतेय?" इब्राहिमभाई बिचारे मॅग्नेटो घरी घेऊन गेले, तार सोडून पुन्हा गुंडाळून आणली. दोनदा केलं त्यांनी हे. इंजिनाचं रडगाणं तेच.

शेवटी एका संध्याकाळी गावातली चार माणसं उभी असताना यांचा तोल गेला. "लाँचचं इंजिन वेगळं, विमानाचं वेगळं. तुझ्या हाताला हे झेपणारं नाही, इब्राहिम." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. इब्राहिमभाईंनी लुंगीला हात पुसले आणि निघून गेले.

काही दिवसांनी कळलं, लाँच सोडून ते मुंबईला जाऊन बोटीवर लागले. इंजिनरूममध्येच असणार, आम्ही गृहीत धरलं. मी यांच्याशी अबोला धरला, विमानाकडे फिरकलेसुद्धा नाही.

यांनी खटपट करून दुसरी मॅग्नेटो आणली. स्वतः टाकी काठोकाठ भरली, इंजिन सुरू केलं... आणि ते तस्संच खोकून बंद पडलं. पुसून झालं, गार करून झालं, पण आता तर सुरूच होईना. जेवणाची वेळ टळून गेली तशी राग गिळून मी डबा घेऊन किनाऱ्यावर गेले. हे घामाघूम, चेहरा रडवेला.

मी सवयीने टाकीचं झाकण काढलं. फुस्स... लोणच्याची बरणी उघडताना होतो तसा आवाज. तो दरवेळी व्हायचा, मला वाटायचं विमानाच्या टाक्या अशाच असतात. यांनी वैतागून पंखा फिरवला आणि इंजिन एका झटक्यात सुरू!

हे झाकणाकडे बघत राहिले. त्याला एक बारीक भोक असतं, पेट्रोल खाली उतरेल तशी वरून हवा आत यायला. पावसाळ्यात विमान ठेवायची खोपी गळायची म्हणून त्या भोकात यांनीच मेण भरलं होतं, दसऱ्याला वरून रंगाचा हात मारला होता आणि विसरून गेले होते. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल खाली येईना. मी झाकण काढलं की हवा जायची, आणि श्रेय मिळायचं मॅग्नेटो पुसण्याला.

"मीच भरलं गं ते मेण," एवढंच म्हणाले. सायकल काढून तसेच दिघीला लाँचवर चौकशी करायला गेले. इब्राहिमभाईंची बोट तोवर मुंबईहून केव्हाच सुटली होती.

विमान उडालं. माडांच्या शेंड्यांच्या थोडं वर जाऊन, किनाऱ्याला एक फेरी मारून उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या... यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मग कधी त्याला हातच लावला नाही.

कितीतरी वर्षांनी इब्राहिमभाई घरी परतल्याचं कळलं, तेव्हा आम्ही दोघं दिघीहून लाँचने खाडीपलीकडे त्यांच्या घरी गेलो. यांनी हात जोडून सगळं सांगितलं.

मग इब्राहिमभाई म्हणाले, "बोटीवर इंजिनाचा काम देत होते मना. मीच नको बोललो. भटारखान्यात कांदे कापले इतकी वर्सं... भाऊ बोलला म्हंजे माझाच हात कच्चा, असा धरून चाललो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता हो. असता तर बरं झालं असतं.

येताना लाँचमध्ये हे तोंड फिरवून रडत होते आणि मला समजूत घालावीशी वाटली नाही. ‘मला नक्की माहीत नाही’... एवढं यांनी त्या संध्याकाळी म्हटलं असतं, तर तो माणूस आयुष्यभर इंजिनाजवळ राहिला असता.