अप्पांची पहाट आणि कनकाची वही

कनकाकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते मद्रासहून एन्नोरला जाणाऱ्या बसमध्ये, १९५९ साली. मांडीवर बाटल्यांचं खोकं, त्यांत खाडीचं पाणी. बस थांबली की ती प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी तपासायची. आमच्याच गल्लीतल्या वेंकोबारावांची मुलगी ती, हे मला उतरताना कळलं. तंजावरकडची माणसं, बोलण्यात तमिळ हेल आणि जुनी मराठी.

खाडीतली कोळंबी आणि भरती-ओहोटी यांचा संबंध हा तिच्या डॉक्टरेटचा विषय होता. तिच्या वहीत खोडरबराला जागा नव्हती. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी कारण. प्रत्येक ओळीपुढे नोंद कोणी केली त्याचं नाव.

दुसऱ्या वर्षी ती विषमज्वराने दोन महिने अंथरुणाला खिळली. तेव्हा तिचे अप्पा, निवृत्त वेंकोबाराव, एन्नोरला नातलगांकडे मुक्काम करून नोंदी घेत राहिले. पुढे आकडे तपासताना तिच्या मार्गदर्शकांना दिसलं, की त्या दोन महिन्यांतल्या पहाटेच्या नोंदी बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी जुळत नाहीत. भरती रोज पाऊण तास उशिरा. नोंदी घरी बसून लिहिल्या असाव्यात, असं ते सौम्यपणे म्हणाले. दोन महिने वगळा, पुढच्या वर्षी पुन्हा घ्या. पण शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती. पुढचं वर्ष तिच्याकडे नव्हतंच.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर होतो. कनका वहीतल्या नावांवर बोट फिरवत बसली होती. अप्पांच्याच दुपारच्या नोंदी तंतोतंत जुळत होत्या. भरती दर दिवशी सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणजे फरक नेमका एका दिवसाचा. तिने मान वर केली.

"अप्पा, पहाटे चारला तारीख कोणती घालत होतात?"

"आदल्या दिवसाची. सूर्य उगवल्यावाचून दिवस कसा बदलेल? एवढं शिकून तुला हे ठाऊक नाही?"

ती हसली नाही. वेंकोबारावांना शंका आली, तेव्हा तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. पंचांग चुकीचं नाही, तुझ्या वहीत दिवस कधी बदलतो ते लिहिलेलं नव्हतं, एवढंच ते म्हणाले. तिने ते मान्य केलं आणि वहीच्या पहिल्या पानावर 'दिवस मध्यरात्री बदलतो' असं लिहून टाकलं.

मार्गदर्शकांनी वही नव्याने उतरवून काढायला सुचवलं. तिने नकार दिला. अप्पांच्या तारखा तशाच ठेवून शेजारी लाल शाईने खऱ्या तारखा मांडल्या, खाली कारण.

"चूक दिसू दे, सर," ती म्हणाली. "ती लपवली तर माझ्या दुरुस्तीवर कोणी का विश्वास ठेवावा?"

मुलांना मी तीस वर्षं शिकवलं, ते नीटनेटकं लिहा म्हणून. हे मात्र मला कधी सांगता आलं नव्हतं.

परीक्षकांनी लाल शाईची पानं आधी पाहिली, आणि नोंदी ग्राह्य धरल्या. १९६२ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. आता ती मद्रासमधल्याच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि आमच्या गल्लीतच, अप्पांजवळ राहते.